दुसरं मत माझं

मी खुर्ची बोलतेय. फणसाच्या लाकडाची, दोन हातांची, अंगानं जरा भक्कम. जयगडच्या अलीकडे, वहाळ खाडीला मिळतो तिथं आमचं गाव आहे, आणि ग्रामपंचायतीत सरपंच बसतात ती मीच. मान असलेल्या खुर्च्या जगात पुष्कळ असतील, पण मला मतसुद्धा आहे. हसू नका, सांगते.

आमच्या गावात वरची वाडी आणि खालची वाडी. दोघींच्या बांधावर एक फणस होता. गरे खाताना दोन्ही वाड्या त्याला आपलाच म्हणायच्या. एका वादळात तो आडवा झाला आणि लाकडावरून माणसं हातघाईवर आली. काशीराम सुतार वैतागला. म्हणाला, "कोणाच्याच घरात नको. पंचायतीला खुर्ची करतो नि बसा आळीपाळीनं!" त्यानं मला अशी घट्ट सांधली, की मी अजून कुरकुरत नाही. माणसं कुरकुरतात.

माझ्यावर किती जण बसले! आलेला प्रत्येक जण पहिल्या दिवशी कडेला टेकतो आणि महिन्याभरात मागे रेलतो. पण वहाळावरच्या साकवाचा, म्हणजे लहान पुलाचा, विषय निघाला, की सगळेच पुन्हा कडेला यायचे. साकव एकच मिळणार होता. वरच्या वाडीला तो वर हवा, आंब्याच्या पेट्या सरळ रस्त्याला लागाव्यात म्हणून. खालच्या वाडीला खाली हवा, कारण पावसाळ्यात वहाळ भरला की त्यांचा जगाशी संबंधच तुटतो. सभेत मतं समसमान पडायची आणि सरपंच घाम पुसत म्हणायचे, "पुढच्या सभेत बघू." मला भारी राग यायचा.

मग मालन सरपंच झाली. वरच्या वाडीची सून. तिचे सासरे महिपत हेही पंचायतीत सदस्य, मोठे बागायतदार. निवडणुकीच्या आधी तिनं घरच्या ओटीवर सगळ्या वाडीसमोर शब्द दिला होता, की साकवाला माझं मत वरच्या वाडीचंच. आणि यंदा निर्णय झाला नाही तर मंजूर साकवाचे पैसे परत जाणार, असं तालुक्याहून कळलं होतं.

सभा भरली. खालच्या वाडीची सावित्री उभी राहिली. "पेट्या तुमी वळसा घालून तरी नेता. आमी आजारी माणूस घरात ठेवून पाण्याकडे बघत बसतो," एवढंच बोलली आणि खाली बसली.

हात वर झाले. मालननं दिलेला शब्द पाळला, तिचा हात वरच्या वाडीसाठी वर गेला. मोजलं तर चार आणि चार.

सगळ्यांनी सवयीनं पिशव्या उचलल्या. तेवढ्यात मालननं ग्रामसेवक हर्षदला विचारलं, "भाऊ, ते कास्टिंग व्होट म्हणतात ते काय असतं हो?"

हर्षद म्हणाला, "मॅडम, आत्ता दिलंत ते तुमचं मत, इतरांसारखंच. पण दोन्ही बाजू समसमान झाल्या, तर सभेच्या अध्यक्षाला आणखी एक मत देता येतं. निर्णायक मत. तेच कास्टिंग व्होट. एरवी ते नसतंच, बरोबरी झाली तरच."

"म्हणजे ते बसलेल्या माणसाचं नाय, जागेचं."

"तसंच म्हणा."

"दे की मग!" महिपत खूश होऊन म्हणाले. "पयलं दिलंस तिथंच दुसरं दे नि मोकळी हो."

मालनचे दोन्ही तळवे माझ्या हातांवर होते. इतकी वर्षं माझं मत माझ्यातच वाळत पडलं होतं.

"मामंजी," ती म्हणाली, "पयलं मत वरच्या वाडीच्या सुनेचं होतं. शब्द दिला होता, पाळला. दुसरं या खुर्चीचं हाय. नि खुर्चीला वाडी नाय."

आणि तिनं खालच्या वाडीसाठी हात वर केला.

महिपत ताडकन उठून गेले. तो पावसाळाभर घरात सून आणि सासरे यांच्यात एक अक्षर नव्हतं. मालन सभेला यायची तेव्हा डोळे सुजलेले असायचे. ती माझ्यावर नीट मागे रेलून कधी बसलीच नाही.

साकव मात्र झाला. खालच्या वाडीची माणसं आता भरल्या वहाळावरून येतात-जातात. गावात तर नवीनच खूळ निघालंय. घरात बांगडा की सुरमई यावर जुंपली, की कुणीतरी म्हणतं, "आजीला विचारा, कास्टिंग व्होट तिचं!" मला ऐकून मोठी मौज वाटते.

परवा कार्यालयात गुबगुबीत फिरती खुर्ची आली. दोघांनी मला अडगळीच्या खोलीकडे उचललं. दारात महिपत उभे होते.

"ठेवा ती खाली," ते म्हणाले. "सभेत मी आयुष्यात एकदा हरलो तो हिच्याकडून. सूनबाई हिच्यावरच बसेल."

मालन त्यांच्या मागेच होती. "मामंजी, च्या घेणार?" तिनं विचारलं. ते म्हणाले, "आण." मग ती माझ्यावर बसली आणि पहिल्यांदाच मागे रेलली.

माझी वेताची बैठक सैल झालीय, एका पायाला वाळवीनं हात लावलाय. पण मान ताठ आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी माझ्यावर बसलं, तर पहिलं मत आपल्या माणसांना खुशाल द्या. दुसरं मात्र माझं आहे. ते मला विचारून द्या.