उपटलेले सापळे

कोकिळाबाईंच्या घरात एका शब्दावर बंदी आली होती. शब्द होता, अळी!

आता सांगा, नेरजवळच्या ज्या घराचं वर्ष पाच एकर कपाशीवर निघतं, त्या घरात अळीचं नाव काढायचं नाही म्हणजे काय? पण नवरा, पुंडलिकराव, गेल्यापासून शेती पोराच्या हातात, आणि पोरानं, अक्षयनं, मोबाइलवरच्या कुण्या 'सरां'चा कोर्स लावलेला. जे मनात आणाल, जे बोलाल, तेच ब्रह्मांड तुमच्याकडे पाठवतं म्हणे. म्हणून हा गडी रोज सकाळी वहीत 'एकरी पंधरा क्विंटल कापूस झाला' असं एकवीस वेळा लिहायचा. इथवर ठीक होतं. वही काय खायला मागते? पण पोळ्याआधी त्यानं बोंडअळीचे पतंग पकडायचे सापळे शेतातून उपटून आणले. "सापळा लावनं म्हणजे आपणच अळीले आवतन देनं हाये," म्हणाला. घ्या!

पोळा होऊन आठवडा झाला. निंदायला गेलेल्या कोकिळाबाई पदरात चार डोमकळ्या घेऊन आल्या. आत अळी शिरली की कपाशीचं फूल शिवल्यासारखं मिटून जातं, उमलतच नाही, ती डोमकळी.

"अक्षय, हे पाह्य. बोंडअळी लागली बावा."

"आई, निगेटिव्ह बोलू नोको म्हनलं ना! तुह्या अशा बोलण्यानंच लागते."

कोकिळाबाईंचं डोकं सणकलं. सोन्यासारखं पीक डोळ्यांदेखत चाललं होतं आणि बोलायचीही चोरी! पण भिंतीपुढे बोलून काय फायदा? त्यांनी मनातल्या मनात मारोतीला पाच नारळांचा नवस बोलला आणि तणतणत भाकरी थापायला बसल्या.

पंधरा दिवसांनी अक्षयनं स्वतःच एक हिरवं बोंड फोडलं. आत गुलाबी अळी! दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, तेच. त्यानं बांधावरूनच सरांना मेसेज टाकला. लगेच उत्तर आलं, 'तुमच्या मनात शंका होती. आता पुढचा कोर्स घ्या.'

पोरगा जवळच निंदणाऱ्या आईपाशी येऊन बसला आणि तो मेसेज तिला वाचून दाखवला. "माहाच विश्वास कमी पडला, आई. मले मनातून भेव वाटे."

"पीक गेलं अन् पापही माह्या लेकराच्याच माथी? मुडदा बसवला त्या सराचा!" कोकिळाबाई कडाडल्या.

शेजारच्या वावरातून धुरपताबाई धावत आल्या. गावातल्या हरिपाठाच्या त्या म्होरक्या, आणि तोंडाच्या फटकळ.

"भेव वाटलं तं लपवाचं काहून रे? मी तं रोज देवाले सांगते, मले भेव लागून राह्यलं, तू संग राय. मंग वावरात येऊन एकेक झाड पाह्यते. तू त्या ब्रह्मांडाले हुकूम सोडतं, अन् हुकूम फसला का गुन्हेगार तूच. देवापाशी रडता येते, बावा!"

"मी बी हेच सांगून राह्यली याले," कोकिळाबाईंना जोर चढला. "मी तं मारोतीले नवस बोलली."

"अन् सापळे?"

कोकिळाबाई पायाजवळचं तण उपटू लागल्या.

"घरातच पडले होते ना? मंग तुह्यात अन् याच्यात फरक काय, कोकिळा? यानं लिवलं, तू बोलली. पाच नारळ घे अन् अळी मार! देव का फवारणीचा मजूर हाये?"

कोकिळाबाईंची मान खाली गेली. खरंच की! पोराला नावं ठेवत आपणही हातावर हात ठेवूनच बसलो होतो. त्यांनी पदर खोचला. "ऊठ अक्षय!"

मायलेकांनी तीन दिवस किडकी बोंडं तोडून जाळली, सापळे पुन्हा उभे केले, कृषी सहायकाला बांधावर आणून विचारून फवारणी केली. तरी दीड एकर हातचं गेलंच. पंधरा दिवस आधी हात हलले असते तर तेही वाचलं असतं, याची चुटपुट दोघांनाही आहे.

आता संध्याकाळी अक्षय हरिपाठाला जातो. पहिल्या दिवशी तो हात जोडून भर देवळात बोलला, "देवा, साडेतीन एकर उरलं. मले लय भेव वाटून राह्यलं." कुणी त्याला गप्प केलं नाही. मारोतीपुढे तो पोटभर रडला, आणि सकाळी कुणी न उठवता वावरात गेला.

बंधुभगिनींनो, भीतीचं नाव काढू देत नाही आणि फसलं की दोष तुमच्यावरच ढकलते, अशी विद्या दारातूनच परत पाठवा. देवाला आपलं खरं दुःख सांगा, त्याच्यावर भार टाका आणि कामाला लागा. अशा माणसाचंही नुकसान होतं, पण त्याला कुणी फसवू शकत नाही!