चवीची सही

"वाच की मोठ्यानं. माझीच हाय न्हवं?" शिवगंगाबाई पदराला हात पुसत म्हणाली.

वसतिगृहाचा कारकून रविकिरण खाकरला. नोटीस त्यानंच टाइप केली होती. "पाहुण्यांसमक्ष उद्धट, उर्मट व मग्रूर वर्तन केल्याबद्दल..."

"तीन-तीन? येवढी मोठी कवा झाले मी?"

उद्धट म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. माहेरी ती तोंडाळ होती, सासरी शिरजोर. नवऱ्याच्या माघारी दिराकडं हिस्सा मागितला, तर मुजोर झाली. दर वेळी तिनं नुसतं विचारलं होतं.

परवाही तेच झालं. किनवटच्या या मुलींच्या वसतिगृहात नियम होता: पोरींच्या आधी अधीक्षकांनी जेवण चाखायचं आणि वहीत चवीची सही करायची. अधीक्षक राजशेखर सर महिन्याच्या सह्या एका दमात उरकत. डाळीत अळ्या निघतात, हे चार दिवस सांगून बाईची जीभ झिजली होती. परवा तपासणीचे साहेब आले, तेव्हा तिनं सरळ ताट वाढून सरांपुढं ठेवलं. म्हणाली, "आधी खावा सर, मग सही करा."

सरांनी ताट बाजूला सारलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"मावशी, माफीनामा लिहून द्या," रविकिरण हळूच म्हणाला. "न्हाईतर सोमवारपासून दुसरी बाई येऊन राहिली. रोजंदारीवाल्याला कोण इचारतंय?"

"अन् डाळ?"

"डाळीचं ह्यात काई न्हाई."

सोळा वर्षं ती इथं भाकरी थापत होती. पन्नाशीच्या बाईला दुसरं काम कोण देणार? लेक नांदेडला नर्सिंगला होती, तिची दोन वर्षं अजून बाकी. शिवगंगाबाईला स्वतःचाच संताप आला. तरी तिनं लिहून दिलं, ‘माझं चुकलं.’

सोमवारी दुपारी पोरी ओळीनं बसल्या. वहीत सरांची सही आधीच पडलेली होती. डाळीवर तरंगणारं जेवढं काढता येईल तेवढं काढून बाईनं वाढायला घेतलं. पाचवीतल्या जयानं वाटी परत पुढं केली.

"मावशी, ह्यात अळी हाय. मी न्हाई खाणार."

सर दारातच उभे होते.

"लई माज आला का गं तुला? गप गिळ!" बाई ओरडली.

जयानं मान खाली घातली. बोटानं अळी काढून तिनं ताटाच्या कडेला ठेवली आणि ती खाऊ लागली. शिवगंगाबाई पुढच्या पोरीकडं वळली, पण पळी तिनं तशीच पातेल्यात सोडली.