जुमानच्या वेण्या

ही २०१७ सालची गोष्ट. गाझातल्या शाती या निर्वासितांच्या छावणीत इनास नावाची तरुण विधवा राहायची. तिच्या सहा वर्षांच्या जुमानला रक्ताचा कर्करोग झाला. तिथली औषधं संपलेली, म्हणून जेरुसलेमच्या इस्पितळात न्यायचं ठरलं. इस्रायली नाक्यापलीकडे जायचा परवाना पोरीला मिळाला, आईला नाकारला. कारण कुणी सांगत नसे. पुन्हा अर्ज करून वाट बघायला आजार थांबणार नव्हता.

मग शेजारची रस्मिया निघाली. छावणीत तशी रीतच पडली होती. आयांना अडवलं की म्हाताऱ्या सोबत जायच्या. रस्मिया याआधीही दुसऱ्यांची पोरं घेऊन जाऊन आली होती. "माझ्या गुडघ्यांवर माझा भरवसा नाही, पण त्या नाकेवाल्यांचा आहे," असं ती म्हणायची.

निघताना इनासने पोरीच्या कमरेपर्यंतच्या दोन वेण्या घातल्या. केस खालून वर विंचरत जायचं, तेल लावून, ओढायचं नाही, हे तिने रस्मियाला पुन्हापुन्हा बजावलं. रस्मियाला सित्ती, म्हणजे आजी, म्हणायचं, हे पोरीला शिकवलं.

औषधांनी थोड्याच दिवसांत केस गेले. फोनच्या धूसर व्हिडिओत पोर दिसताच इनास आधी वेण्यांचंच विचारी. जिला येताच येत नाही तिचा जीव कशाला जाळायचा, असं रस्मियाला वाटलं. फोन लावण्याआधी ती पोरीच्या डोक्याला घट्ट रुमाल बांधी आणि बाहेर गारठा आहे म्हणून सांगे. समोरासमोर सांगू, असं ती म्हणत राहिली.

परतीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. नाक्याच्या लांबलचक जाळीच्या वाटेवर जुमानने रुमाल काढून टाकला. एका हातात सित्तीचा झगा, दुसऱ्या हातात आईसाठी तिळाची पोळी. समोरून इनास धावत आली, पोरीच्या शेजारून पुढे गेली, रस्मियाच्या गळ्यात पडली आणि तिच्या पाठीमागे पाहू लागली.

"खाला, जुमान कुठंय?"

इनासने खाली पाहिलं. सुजलेला चेहरा, तुळतुळीत डोकं.

"हे कुणाचं लेकरू आणलंत? माझी मागून येतेय का?"

जुमानने आईकडे पाहिलंच नाही. ती हळूच म्हणाली, "सित्ती, रुमाल बांध ना. मग आई ओळखेल."

तो आवाज ऐकला आणि इनास रस्त्यातच मटकन बसली.

पुढे कितीतरी दिवस ती रस्मियाशी बोलली नाही. पुढच्या तपासणीला तिचा अर्ज परत नामंजूर झाला, तेव्हा ती स्वतः रस्मियाच्या दारात आली. "या वेळी जसं असेल तसं सांगा," एवढंच म्हणाली.

जुमान बरी झाली. केस परत आले, कुरळे. इनासला परवाना कधीच मिळाला नाही. रस्मिया २०२३ साली सुरू झालेल्या लढाईच्या दुसऱ्या हिवाळ्यात देर अल-बलाहला विस्थापितांच्या एका तंबूत वारली. रक्तदाबाच्या साध्या गोळ्या कुठेच मिळाल्या नाहीत. आंघोळ घालायला पाणी बेताचंच होतं, ते इनासने घातलं. दफनाआधी मयत बाईच्या केसांच्या तीन वेण्या घालायची तिथली रीत. त्या जुमानने घातल्या, खालून वर विंचरत, न ओढता.