मान टाकलेलं बदक

तलावाकाठच्या चिखलात गुडघे टेकून तिनं ते बदक मांडीवर घेतलं, तेव्हाच खरं तर तिला कळलं होतं. मान ओल्या दोरीसारखी लोंबत होती, पाय लुळे पडले होते, डोळे मात्र टक्क उघडे. रानपाखरं कोणत्या जंतूंनी मरतात हे शोधण्यात तिची उभी हयात गेली होती. सडक्या चिखलातल्या जिवाणूचं विष अंगात भिनलं की पाखरू अशीच मान टाकतं, आणि ते विष एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. पण पलीकडच्या एका पाणथळीवर त्याच हंगामात पक्ष्यांचा ताप, म्हणजे बर्ड फ्लू, आला होता; तो माणसालाही लागतो, आणि एका पाखराच्या अंगात दोन्ही असू शकतात. ती त्याच्या घशातला नमुना घेत असताना तिच्या मास्कचा पट्टा तुटला आणि बदक नेमकं तिच्या तोंडावर शिंकलं.

असं झालं, तर अहवाल येईपर्यंत माणसात जायचं नाही, हा नियम तिनंच केलेला. पाखराला तुमच्या घरच्या अडचणी कळत नाहीत, असं ती तुकडीत सगळ्यांना ऐकवायची. एकाला तर तिनं सख्ख्या बहिणीच्या लग्नाला जाऊ दिलं नव्हतं.

आता घरात तिचे बाबा अंथरुणाला खिळले होते. जन्मभर बस चालवलेला माणूस, छातीचा भाता पार निकामी झालेला. त्यांचं सगळं वहिनी करायची, आणि वहिनीला सातवा महिना होता. म्हणून ती घरात न शिरता परसातल्या अडगळीच्या खोलीत राहिली. दादानं बाबांचा पलंग समोरच्या खिडकीला लावला. मोठ्यानं बोलण्याइतका दम त्यांच्यात नव्हता, म्हणून एक फोन त्यांच्या उशीवर आणि एक तिच्याकडे, दोन्हींमधला कॉल दिवसभर चालूच.

"काय गं जंतूबाई," पहिल्या सकाळी बाबांनी विचारलं, "तुला माझ्यापासून धोका की मला तुझ्यापासून?"

"तुम्हाला माझ्यापासून."

"वा. म्हणजे माझ्यात बिघडण्यासारखं अजून काहीतरी शिल्लक आहे म्हणायचं."

हसता हसता त्यांना उबळ आली. वहिनीनं त्यांना टेकवून बसवलं, पाठ चोळली. इकडे तिचे हात आपसूक पुढे झाले आणि तिच्या खोलीच्या खिडकीच्या काचेला थडकले.

तालुक्याचे पशुवैद्य कुंपणाबाहेरूनच चौकशी करून गेले. प्रयोगशाळेत नमुन्यांचा ढीग पडलाय, अहवालाला वेळ लागेल म्हणाले. "अहो मॅडम, मान पाहिलीत ना तुम्ही? मी तर डोळे झाकून सांगतो, विष आहे."

"उघडे ठेवून सांगा, मग ऐकते," ती म्हणाली. ते हसले. तिला हसू आलं नाही.

दादा उंबऱ्याबाहेर ताट ठेवायला आला आणि तिथंच घुटमळला.

"तुला स्वतःला काय वाटतं? आहे का काही?"

"नसावं."

"मग अडलंय कुठं?"

"वाटणं म्हणजे अहवाल नव्हे, दादा."

"अख्खा जन्म मेलेल्या पाखरांमागं हिंडलीस. आणि जिवंत बाप..." त्यानं पुढचं गिळलं. "जेवून घे. गार होतंय."

तिच्या हातातला फोन बोलला. "तिला बोलू नकोस रे." बाबांनी सगळं ऐकलं होतं. थांबत थांबत ते म्हणाले, "धुकं दाट असलं की मी बस कडेला घ्यायचो. लोक माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. रस्ता मोकळाच आहे म्हणायचे. असेलही मोकळा. मला दिसत नव्हता ना."

दादा खाली मान घालून निघून गेला. तिनं ताट ओढून घेतलं आणि बाबांना दिसेल अशी बसून सगळं संपवलं.

शेवटच्या सकाळी त्यांनी थट्टा केली नाही. "आत ये गं," एवढंच म्हणाले.

"आज अहवाल येईल, बाबा."

"येऊ दे की. तू ये."

ती उठली. कडीला हात घातला. समोरच्या काचेतून वहिनी दिसत होती. एक हात कमरेवर ठेवून, अवघडून वाकून ती बाबांचे ओठ ओल्या कापसानं टिपत होती.

"बाबा, वहिनी आहे हो तिथं."

बराच वेळ फोनमध्ये नुसती घरघर. मग ते म्हणाले, "हो की. ती आहे." लहान मुलाला समजावल्यावर ते गप्प होतं, तसा आवाज.

दुपारी त्यांनी मान टाकली. काचेतून दिसलं ते तिला उमजायच्या आधी वहिनीचा हंबरडा फोनमधून आला.

घरात माणसं जमू लागली, आणि तिन्हीसांजेला अहवाल आला. चिखलातलं विष. तापाचा मागमूस नाही. नजरेनं सांगितलं होतं तेच, शब्दाला शब्द.

तिनं परसदार ओलांडलं. दारातला दादा बाजूला झाला. सवयीनं ती हात धुवायला मोरीकडे वळली, नळापर्यंत गेली, आणि तशीच परतली. बाबांचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. बोटं अजून ताठरली नव्हती, पण ऊब गेलेली. ओठ आवळून ती बसून राहिली, रडली तर वहिनी पुन्हा सुरू होईल म्हणून.

तेवढ्यात उशीजवळून कुणाचा तरी धापा टाकणारा श्वास ऐकू आला. दादा दचकून पुढे झाला. ती मात्र हलली नाही. तिला कळलं होतं. बाबांचा फोन कुणी बंद केला नव्हता, तिचाही खिशात चालूच होता. श्वास तिचाच होता.