फॅक्सच्या रकान्यातली माणसं

मी एक जुना सर्व्हर आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका, आधी ऐका. सर्व्हर म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा थोरला भाऊ. टेबलावरचे ते चिकणे पडदे नुसते तोंड दाखवायला. माहिती सांभाळायची कुणी? मी. दिसायला मी लोखंडी पेटीसारखा आणि आवाज मिक्सरसारखा.

कारखान्यातून मी थेट वीज ऑफिसात आलो. कुणाच्या घरी कुठल्या खांबावरून वीज जाते, कुठली गल्ली दुरुस्तीसाठी कधी बंद ठेवायची, सगळं माझ्या पोटात. सुरुवातीला माझे काय लाड! माझ्यासाठी वेगळी थंड खोली, बाहेर चपला काढून आत यायचं. लोकांनी मला नमस्कार करायचंच काय ते बाकी होतं.

मीही काही गरीब गाय नव्हतो. साहेब पाहुण्यांना म्हणाले, "बघा आमचं ऑफिस कसं पळतं," की मी नेमका तेव्हाच डुलकी काढायचो. आमचा लाइनमन खांबावर इतका सरसर चढायचा की सगळे त्याला बोका म्हणायचे. तो माझ्या गरम पाठीवर ओले मोजे वाळत घालायचा. मग मीही त्याची रजा मंजूर करायच्या वेळी मुद्दाम अडकून बसायचो. फिट्टंफाट.

तक्रारीच्या खिडकीवर काकू बसायच्या. एकदा ड्रॉइंगच्या मास्तरांची लेक त्यांच्यापुढे रडत उभी राहिली. मास्तर श्वासाच्या मशीनवर होते. वीज गेली की मशीन बंद, मशीन बंद की मास्तरांचा जीव घुसमटणार. काकूंनी माझा सगळा फॉर्म वरखाली केला. असली गोष्ट लिहायला जागाच नव्हती. एकच रकाना बिनकामाचा होता, फॅक्स नंबर. फॅक्स म्हणजे फोनच्या तारेवरून कागदाची नक्कल पाठवायचं जुनं यंत्र. ते घरी कुणाकडे असणार? काकूंनी त्यात बिनधास्त लिहिलं, "श्वासाचं मशीन". आणि पडद्यावर "फॅक्स" दिसायचं तिथे पांढरी पट्टी चिकटवून वर पेनाने लिहिलं, "मशीन".

बस, पद्धत पडली. ज्याच्या घरी असं मशीन, त्याचं नाव त्या रकान्यात. गल्ली बंद करायच्या आधी माझ्याकडून यादी काढायची, बोक्याने त्या घरांत बॅटरी पोचवायची, मगच खटका ओढायचा. वरच्या ऑफिसला कुणी कळवलं नाही. चांगलं चाललेलं कोण कशाला कळवतो? पडदे बदलले, की बसवणारा जुन्या जागीच नवी पट्टी लावून द्यायचा.

मग माझं वय झालं. माझे सुटे भाग मिळेनात. वरून हुकूम आला, सगळी माहिती क्लाउडवर न्या. तिथे आभाळाबिभाळात काही नसतं बरं का! दूर कुठेतरी मोठ्या इमारतीत माझेच हजारो धडधाकट भाऊबंद बसलेले असतात आणि आपण तारेवरून त्यांच्याशी बोलायचं. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, गरज होतीच.

कंपनीचा एक माणूस आला. गळ्यात टाय, म्हणून तो टायवाला. बिचारा सज्जन होता. माझ्या खोलीतच बैठक बसली. तो एकेक रकाना वाचून विचारायचा, ठेवायचा की काढायचा?

"फॅक्स नंबर?"

"ठेवा की," बोका म्हणाला, "आणि शेजारी चिठ्ठीवाल्या कबुतराला पण एक खुर्ची टाका!"

सगळे खो खो हसले. साहेब हसले. काकू तर डोळे पुसेपर्यंत हसल्या. इतकी वर्षं पट्टी बघून बघून पट्टीखाली काय आहे, हे त्यांच्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. मी पंखा भणाणून सोडला, लांबलचक शिट्टी मारली.

"बघा," टायवाला म्हणाला, "ह्यालाही पटलं." आणि रकान्यावर काट मारली.

जन्मभर खोड्या काढल्या मी. खरं बोलायची वेळ आली, तेव्हा तीही खोडीच वाटली सगळ्यांना.

माझा प्लग निघाला. मी दाराआड गेलो, डोक्यावर बोक्याचं हेल्मेट. रस्ता खोदताना कुणी इंटरनेटची तार तोडली, की अख्खं ऑफिस हातावर हात ठेवून बसायचं आणि मी गालातल्या गालात हसायचो. ते हसू फार टिकलं नाही.

एका दुपारी दोन गल्ल्या दुरुस्तीसाठी बंद केल्या. मशीनवाल्यांची यादी कोरी निघाली, म्हणून बॅटरी कुणाकडेच गेली नाही. थोड्याच वेळात काकूंचा फोन वाजला. मास्तरांची लेक होती. इतकी ओरडत होती की मला दाराआडही ऐकू आलं.

"काकू, लाईट गेली आणि बॅटरी कुठाय? बाबांचं मशीन थांबलंय!"

"आली नाही? थांब हं बाळा." काकूंनी नवा पडदा वर नेला, खाली नेला. "मशीनचा रकाना कुठं गेला?" आणि मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अरे देवा. फॅक्स."

साहेब धावत आले. "वीज सोडा!"

"कशी सोडणार? आपली माणसं खांबावर आहेत, साहेब!" काकूंनी बोक्याला फोन लावला. "बोक्या, बॅटरी घे आणि मास्तरांकडे पळ."

"पण यादीत त्यांचं नाव..."

"पळ म्हणते ना मेल्या!"

पण त्या गल्ल्यांत आणखी कोण होतं? काकूंना दोन घरं आठवली. मधल्या काळात दुसऱ्यांनी लिहिलेली नावं त्यांना कुठून माहीत असणार? साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला सुरू करायला मनाई होती, कारण जुन्या मशीनमधून लोकांची माहिती फुटू शकते. नियम काही वेडा नव्हता. साहेबांनी वरच्या ऑफिसला फोन केला. पलीकडून आवाज आला, "मेल टाका, मंजुरी आली की कळवतो."

साहेबांनी रिसीव्हर खाली ठेवला. "काकू, ह्याचा प्लग कुठाय?"

"साहेब, तुमच्या अंगाशी येईल."

"येऊ दे. वायर द्या इकडे."

मित्रांनो, त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी एकही खोडी केली नाही. खडखडलो, कण्हलो, पण सुरू झालो. यादी निघाली: मास्तर, काकूंना आठवलेली दोन घरं आणि चौथं नाव, लॉन्ड्रीच्या मागे वरच्या खोलीत एकटी राहणारी शिलाईवाली. काकूंनी तिला फोन लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

मास्तर तोवर बॅटरीवर सावरले होते. त्या दोन घरांकडे साहेब स्वतः गाडी घेऊन सुटले. शिलाईवालीकडे बोका धावला. ती जमिनीवर बसलेली, ओठ निळे, वाजून थांबलेला फोन हातातच. उचलून बोलण्याइतका श्वास तिच्याकडे नव्हता.

ती जगली. पण अजून दवाखान्यातच आहे, आणि तिथून घरी कधी येईल हे डॉक्टरही सांगत नाहीत. बोका काम सुटलं की तिच्याजवळ जाऊन बसतो. कबुतराचा विनोद त्याने पुन्हा केला नाही.

टायवाला आला तो मान खाली घालून. "मी विचारलं होतं हो," तो पुटपुटला.

"विचारलं होतंस रे," काकू म्हणाल्या. "हसले मीच."

"पण मी नुसतं नाव वाचलं. आत काय लिहिलंय, ते उघडून दाखवायला हवं होतं."

त्याने तिथेच बसून नवा रकाना केला. नाव सरळसोट, श्वासाचं मशीन. मग साहेबांच्या मनात आलं, हाच प्रोग्राम तर खात्याच्या सगळ्या ऑफिसांत होता. त्यांनी एकेकाला फोन लावून विचारलं, तुमच्या फॅक्सच्या रकान्यात काय होतं? एका ठिकाणच्या साहेबांनी ऑफिसात विचारून पाहिलं. मग म्हणाले, "काहीतरी लिहायचे आमचे लोक. काय ते आठवत नाही. लिहिणारे रिटायर झाले, आणि मशीन भंगारात गेलं."

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. माझे दिवस भरले, खुशाल बंद करा. पण कुठलीही जुनी वस्तू बाहेर काढताना तिच्यावरचं नाव वाचून थांबू नका. तिला रोज हात लावणाऱ्याला शेजारी बसवा आणि म्हणा, कालचं काम मला करून दाखव. आणि कुणी मध्येच शिट्टी मारली, तर हसण्याआधी एकदा बघा.

त्या दुसऱ्या ऑफिसच्या गल्ल्यांतही दुरुस्तीसाठी वीज बंद होते. तिथल्या रकान्यात कोण होतं, ते आता कुणालाच माहीत नाही.