सिंगल बेल

"पायलट मॅडम, आमच्या गाडीला पट्टा नसतोय. धरून बसा," ड्रायव्हर गणपतराव आरशात बघत म्हणाले आणि राधानगरीच्या एसटीतली पुढची बाकं हसली.

राजनंदिनीही हसली, पण तोंडदेखलं. ती आईच्या, म्हणजे कंडक्टर वर्षाराणीच्या सीटशेजारी खिडकीला टेकून बसली होती. वर्षाराणीने दार ओढून घेतलं, गाडीभर नजर फिरवली आणि डोक्यावरची दोरी दोनदा ओढली. डबल बेल म्हणजे चला, सिंगल बेल म्हणजे थांबा. घंटी दोनदा वाजली आणि गाडी कोल्हापूरच्या स्टँडातून हलली. इतकी वर्षं झाली, पण एवढं मोठं धूड आपल्या घंटीवर हलतं, याचं तिला अजून मनातल्या मनात बरं वाटायचं.

लेक विमान कंपनीत को-पायलट झाली तेव्हा गल्लीतल्या बायकांनी विचारलं होतं, "को-पायलट म्हंजे काय गं?" वर्षाराणी म्हणाली होती, "माझ्यागत. गाडी एकाच्या हातात, जबाबदारी दोघांवर." हे सांगताना तिची मान अशी काही ताठ झाली होती की बायकांनी पुढं काही विचारलंच नाही.

पण हे दोन आठवडे ती मान जरा खाली होती. राजनंदिनी घरी बसून होती. चौकशी संपेपर्यंत विमान उडवायचं नाही, असा हुकूम होता.

झालं होतं ते असं. दूरच्या एका मोठ्या शहरात तिचं विमान नीट उतरलं आणि धावपट्टीवरून बाजूला वळलं. शेजारी दुसरी धावपट्टी होती. ती ओलांडायच्या आधी जमिनीवर पिवळी रेघ असते आणि विमानतळाच्या टॉवरने 'या' म्हटल्याशिवाय रेघेपुढं चाक न्यायचं नसतं. टॉवरने थांबायला सांगितलं होतं. कॅप्टनही "हो" म्हणाले होते. पण लांबचा प्रवास, आलेला शिणवटा, विमान कुठं लावायचं याचा विचार. विमान त्यांच्या हातून पुढं सरकतच राहिलं. "सर, रेघ," राजनंदिनी म्हणाली. ते म्हणाले, "बघतोय." ती पुन्हा म्हणाली. मग मात्र तिने स्वतःच्या पायाखालचा ब्रेक दाबला. विमान गचकन थांबलं, नाक रेघेच्या पुढं. दुसऱ्याच क्षणी शेजारच्या पट्टीवरून एक विमान सुसाट समोरून गेलं आणि वर उडालं.

आता कॅप्टन म्हणत होते, "मी थांबणारच होतो, पोरगी घाबरली." शिवाय विमान थांबायच्या आधीच बॅग काढायला उठलेला एक प्रवासी पडला होता, त्याचा हात मोडला होता. त्याचीही तक्रार होती.

उद्या सकाळी राजनंदिनीची बाजू ऐकली जाणार होती. त्यासाठी आज संध्याकाळीच तिला निघायचं होतं. कॅप्टनांनी फोन करून मायेनेच सांगितलं होतं, घाबरले असं सांगून टाक, नवी आहेस, माफ करतील, प्रकरण मिटेल.

"मग काय सांगणार उद्या?" तिकिटं संपवून वर्षाराणीने विचारलं.

"घाबरलो म्हणतो," राजनंदिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी 'मी गेलो, मी आलो' म्हणतात, बाहेरच्यांना हसू येतं. राजनंदिनीने ती सवय बाहेर मोडली होती, पण आईशी बोलताना ती आपसूक परत यायची. "लगेच कामावर घेतील. न्हायतर एवढ्या मोठ्या माणसासंगं किती भांडायचं?"

"घाबरलीस का पण?"

"ब्रेक मारताना न्हाय. ते दुसरं विमान समोरनं गेलं तवा."

वर्षाराणीला भीती वेगळीच होती. पोरीने उद्या एकदा 'घाबरले' म्हटलं की पुढच्या वेळी तिचा पाय ब्रेकवर जाताना अडखळेल. त्या अडखळण्यात माणसं मरतील आणि त्यात ही पण असेल. हे बोलून दाखवायला मात्र तिची जीभ रेटेना.

हळदी गावाच्या पुढं एका फाट्यावर एक म्हातारी नातीला घेऊन उतरली. वर्षाराणीने दार लावलं, डबल बेल दिली. गाडी हलली. इतक्यात तिने खिडकीतून मागं बघितलं, तर म्हातारी एकटीच उभी, हात हलवत ओरडतेय आणि पोरगी कुठंच नाही.

वर्षाराणीने दोरी एकदाच ओढली, खच्चून.

गाडी जागच्या जागी थांबली. उभी असलेली माणसं एकमेकांवर पडली. बाळासो नावाच्या एका गड्याची दुधाची किटली कलंडली आणि दूध बाकांखालून पुढं वाहत गेलं. वर्षाराणी दार उघडून खाली धावली, चाकांखाली वाकून बघून आली. काही नव्हतं. पोरगी रस्त्याकडेच्या उसात निसटलेली चप्पल शोधत होती आणि म्हातारी तिलाच हाका मारत होती.

"ओ बाई, उगंच बेल मारलासा की," बाळासो तापला. "कोण न्हाय काय न्हाय, माझं दूध गेलं."

"दूध गेलं, वाईट झालं," वर्षाराणी म्हणाली. तिला धाप लागली होती. "पोरगी दिसंना म्हणून मारली. उद्या दिसली न्हाय तर उद्याबी मारणार."

"आनि ड्रायव्हर, तुमी तरी बघायचं की आधी," बाळासो पुढं बघून ओरडला.

गणपतराव मागं वळलेसुद्धा नाहीत. "बेल झाली, थांबलो. बसा पावणं."

वर्षाराणीने पुन्हा दोनदा दोरी ओढली. राजनंदिनी आईकडे बघतच राहिली होती.

राधानगरीच्या स्टँडवर चहा घेताना तिने गणपतरावांना विचारलं, "काका, आई अशी फुकट थांबवती तवा राग येत न्हाय?"

"येतोय की. चढावर थांबवली तर लई येतोय." त्यांनी बशीत चहा ओतला. "पर आधी थांबायचं. राग मागनं. मला मागचं दिसत न्हाय, तिला दिसतंय. ती बेल मारायला बिचकाय लागली तर मी गाडी चालवू कशी?"

राजनंदिनीचा चहा तसाच राहिला. ती उठून गाडीच्या मागं गेली आणि तिने कॅप्टनांना फोन लावला. वर्षाराणी मुद्दाम जवळ गेली नाही, पण कान तिकडेच होते. पोर हिंदीत बोलत होती, हळू आणि आदराने. घाबरले असं मी सांगणार नाही, सर. तुम्ही थांबला असता की नाही, मला माहीत नाही. विमान रेघेपुढं जात होतं म्हणून मी थांबवलं. तेवढंच सांगणार.

मग तिने फोन कानावरून खाली घेतला.

"काय म्हणाले?" वर्षाराणीने विचारलं.

"फोन ठेवून दिला." राजनंदिनीचे डोळे भरले होते. "लई शिकवलंय गं त्यांनी मला. पहिल्यांदा विमान उतरवलं तवा शेजारी तेच होते."

"असू दे," वर्षाराणी म्हणाली. याला औषध नव्हतं, हे तिलाही कळत होतं. तिने पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. छातीत अभिमान नुसता दाटून आला होता, आणि तो कुठं ठेवावा हे तिला समजत नव्हतं.

परतीची गाडी भरली. वर्षाराणीने दार ओढलं. तेवढ्यात राजनंदिनीचा हात वर दोरीकडे गेला. लहानपणी याच दोरीसाठी तिने किती हट्ट केला होता आणि दर वेळी हातावर चापट खाल्ली होती.

वर्षाराणीने आजही तिचा हात धरला आणि खाली आणला.

"ही माझी ड्यूटी हाय," ती म्हणाली. "तुझी बेल तू मारलीस."

मग तिने दोनदा दोरी ओढली. बेल नेहमीपेक्षा जरा जोरातच वाजली, असं गणपतराव नंतर डेपोत सांगत होते.