आम्रपालीच्या रामेनचा वास

मी एक जुना पंखा आहे. छताला लटकून तुम्हाला गार वारा घालणारा लाडका पंखा नव्हे, मित्रांनो. मी स्वयंपाकघराच्या भिंतीत, वरच्या भोकात बसवलेला, आतला धूर आणि वाफ बाहेर फेकणारा पंखा. हॉटेलवाले मला एक्झॉस्ट म्हणतात. माझं तोंड आत आणि पाठ बाहेर असते. त्यामुळे आतले लोक काय बोलतात आणि बाहेरचे काय बोलतात, हे दोन्ही मला ऐकू येतं. त्याचा मला फार आनंद आहे असं समजू नका. ऐकून ऐकून मी चिडका झालो आहे. गोड गोष्ट हवी असेल तर दुसरं कोणी शोधा.

माझा जन्म भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लोखंडी चौकट, चार पाती आणि तांब्याच्या तारेची मोटार. रंग राखाडी दिला, कारण लाल डबा संपला होता. तिथून मी हडपसरला दुर्गाबाईंच्या खानावळीत गेलो. मिरचीची फोडणी, सुकटीचा खमंग धूर, करपलेली भाकरी, सगळं मी गिळलं आणि बाहेर टाकलं. दुर्गाबाई तोंडाच्या फटकळ होत्या, पण दर अमावस्येला मला खाली उतरवून सोड्याच्या गरम पाण्यात घासायच्या. "हा आहे म्हणून माझे डोळे शाबूत आहेत," असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या. आयुष्यात माझी एवढीच स्तुती झाली. पुढे त्यांचे गुडघे गेले, खानावळ बंद झाली आणि मी जुन्या बाजारात फुटक्या मिक्सरांच्या शेजारी धूळ खात पडलो.

तिथे मला आम्रपालीने उचललं. तिने हाताने माझं पातं फिरवून पाहिलं, कानाशी धरून आवाज ऐकला आणि विकणाऱ्याला म्हणाली, "मोटार चांगली आहे. गंज तुमचा, मोटार माझी. नीट भाव सांगा." मला ती तेव्हाच आवडली.

आम्रपाली चाकणला एका कंपनीच्या गेस्टहाऊसमध्ये जपानी साहेबांचा स्वयंपाक करायची. तिथल्या एका म्हाताऱ्या जपानी आचाऱ्याने तिला रामेन शिकवलं होतं. रामेन म्हणजे मोठ्या वाडग्यात गरम रस्सा, त्यात लांबलचक शेवया, वर अर्धं उकडलेलं अंडं आणि कांद्याची पात. खरी करामत रश्शाची. कोंबडीची हाडं, आलं आणि लसूण मंद आचेवर दिवसभर उकळायचं. हाडं आधी एक उकळी देऊन, ते पाणी फेकून, चोळून धुवायची. तेवढं केलं की उग्र वास राहत नाही. आम्रपालीने ते एकदाही टाळलं नाही. टाळलं असतं तर सगळ्यात आधी मलाच कळलं असतं.

तिने खराडीत, आयटी कंपन्यांच्या मागच्या रस्त्याला, वैभवश्री नावाच्या सोसायटीच्या तळमजल्यावर गाळा भाड्याने घेतला. तिची आई हिराबाई मदतीला आली. हिराबाई तव्यावर कोबीचं जाडसर जपानी धिरडं घालायच्या. त्याचं नाव त्यांना कधीच उच्चारता आलं नाही. त्या सरळ "कोबीचं थालीपीठ" म्हणायच्या आणि तेच फळ्यावर लिहिलं गेलं. कंपन्यांमधली मुलं संध्याकाळी यायची, आधी चमच्याने शेवया पकडायला बघायची. हिराबाई दारातूनच ओरडायच्या, "अरे, भुरके मारा! लाजताय काय? जपानात आवाज केला नाही तर स्वयंपाकीण रुसते." मग सगळीकडून भुरक्यांचा आवाज यायचा.

गल्ल्यामागे हिराबाईंनी घरून आणलेला बुद्धाचा फोटो होता. रोज सकाळी त्याच्यापुढे मेणबत्ती लावून मगच शेगडी पेटायची. एकदा एक मुलगी त्याच्याकडे बघून म्हणाली, "वॉव, किती ऑथेंटिक! एकदम जपानी फील येतो." हिराबाई तिला शांतपणे म्हणाल्या, "अगं, तो आमच्याकडे आधीपासून आहे. जपानला नंतर गेला." मुलगी हसली आणि तिने फोटो काढला. तिला काय समजलं देव जाणे.

आता यज्ञेश्वरकाकांबद्दल सांगतो. ते सोसायटीचे अध्यक्ष. आमच्याच डोक्यावर पहिल्या मजल्यावर राहतात. दुकान उघडलं त्या दिवशी ते स्वतः आले, खुर्चीवर बसले, गवती चहा पीत म्हणाले, "छान आहे हो. स्वच्छ आहे. मराठी मुलगी धंदा करतेय, कौतुक आहे. आडनाव काय आपलं?"

"वाघमारे," आम्रपाली म्हणाली.

काकांनी फोटोकडे पाहिलं. मग कपाकडे पाहिलं. उरलेला चहा त्यांनी तसाच ठेवला आणि काम आठवल्यासारखे निघून गेले. मी यंत्र आहे, आडनावाने चहा कसा बिघडतो ते मला तेव्हा समजलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांना वास यायला लागला.

"अहो, इथे माणसं राहतात," ते पार्किंगमध्ये उभे राहून माझ्या दिशेने बोलायचे. "आपला वाडगा आपल्या वस्तीत ठेवावा माणसाने." सोसायटीच्या ग्रुपवर रोज वासाची चर्चा व्हायची. शेजारच्या गाळ्यात अनिरुद्धचं तंदूरचं दुकान होतं. तिथून चरबीचा काळा धूर सरळ काकांच्या गॅलरीत जायचा. तिथे उभे राहून काका चहा प्यायचे. अनिरुद्धला ते "अरे, तुझा धंदा जोरात दिसतोय" असं हसून म्हणायचे. माझ्या अंगाला तेव्हा आग लागायची. चिकन तेच, लसूण तोच, भिंतसुद्धा तीच!

एके दुपारी वॉचमन गेनबा शिडी घेऊन आला आणि त्याने बाहेरून माझ्या पाठीवर प्लायवुडची फळी ठोकली. आत दोन्ही शेगड्या पेटलेल्या होत्या. मी फिरत होतो आणि वारा मागे माझ्याच तोंडावर येत होता. मोटार तापली. वाफ, तव्याचा धूर, सगळं स्वयंपाकघरात कोंडलं. हिराबाईंना ढास लागली आणि त्या भिंतीला धरून खाली बसल्या. आम्रपालीने त्यांना आधी मोकळ्या हवेत नेलं, मग पहार घेऊन पार्किंगमध्ये आली.

"ताई, माज्यावर रागावू नका," गेनबा शिडी धरून म्हणाला. "मला सांगितलं, मी ठोकलं. माजा नाइलाज हाय."

"शिडी तेवढी धरून ठेवा," आम्रपाली म्हणाली आणि चढली. गेनबाने मान खाली घालून शिडी धरली.

वरून काकांचा आवाज आला. "सोसायटीच्या भिंतीला हात लावायची परवानगी घेतलीत का?"

"खिळे ठोकताना तुम्ही कोणाची घेतली होती?"

"मी अध्यक्ष आहे."

"माझी आई खाली गुदमरली, काका."

"म्हणूनच सांगतोय, असले धंदे आपल्याला झेपत नाहीत," काका म्हणाले आणि आत गेले. फळी निघाली, पण पहारेच्या धक्क्याने माझं एक पातं वाकलं ते वाकलंच. तेव्हापासून मी फिरताना घरघरतो.

मग काकांनी शेवटचा घाव घातला. रविवारी कमिटी पंख्याखाली उभी राहून स्वतः वास घेईल, असं ठरलं. वास आला तर गाळ्याचे मालक दत्तप्रसाद यांनी भाडेकरार मोडायचा. आम्रपालीने गेस्टहाऊसची नोकरी सोडून सगळं या दुकानात घातलं होतं. करार मोडला तर तिला परत दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभं राहावं लागणार होतं. हिराबाई म्हणाल्या, "पाया पडू का त्यांच्या?" आम्रपाली फक्त म्हणाली, "नाही."

पण त्या घाईत कोणी दिनदर्शिका बघितली नव्हती. त्या रविवारी बुद्धपौर्णिमा होती. दुकान बंद. हडपसरच्या विहारात दरवर्षी खीर वाटतात, आणि यंदा खिरीची पाळी या मायलेकींकडे होती. विहारात मोठी शेगडी नव्हती, म्हणून तिथलं भलंमोठं पातेलं त्यांनी पहाटेच दुकानात आणलं होतं. हाडं उकळायची भांडी घासून फडताळात पालथी पडली होती. शेगडीवर दूध आटत होतं, तांदूळ शिजत होते. हिराबाई वेलदोडे कुटत होत्या. आयुष्यात मी इतका सुगंधी वारा कधी फेकला नव्हता, आणि मला वाटलं, आज आपण जिंकलो. मी मूर्ख होतो.

कमिटी आली. काका, दत्तप्रसाद, आणखी काही मंडळी आणि तिसऱ्या मजल्यावरची चैताली. ही मुलगी कमिटीत नवीन होती. काकांनी लांबूनच रुमाल नाकाला लावला.

"बघा. हाडं! सकाळी सकाळी. मला तर मळमळतंय."

दोघा-तिघांनी लगेच नाकं मुरडली. चैताली माझ्या अगदी खाली येऊन उभी राहिली. "काका, मला तर वेलदोड्याचा वास येतोय."

"घाण लपवायला टाकतात ते."

"आणि दूध पण आहे."

"चैताली, तुला अनुभव नाही," काका रुमालातून म्हणाले. "माझं नाक फसत नाही."

मागचं दार उघडलं आणि आम्रपाली बाहेर आली. तिच्या हातात वाटी होती. तिने ती काकांपुढे धरली. "खीर आहे, काका. आज आमची पौर्णिमा, दुकान बंद आहे. आत येऊन बघा, सगळी भांडी बघा."

दत्तप्रसादांनी खिशातला मोबाईल काढून त्यात डोकं घातलं. काकांनी वाटीत पाहिलं. पांढरीशुभ्र खीर, वर जायफळ. रुमाल मात्र त्यांनी खाली घेतला नाही.

"आज खीर असेल. उद्याचं काय?"

"तुम्हाला माझं आडनाव कळलं त्या दिवसापासून वास येतोय," आम्रपाली म्हणाली. तिने वाटी मागे घेतली नाही. "त्याआधी माझ्याच चुलीवरचा चहा तुम्ही अर्धा प्यायला होतात."

"जातीवर जाऊ नका हं!" काका ओरडले. "आम्ही असलं काही मानत नाही. विषय वासाचा आहे."

चैतालीने पुढे होऊन वाटी घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. "विषय खिरीचा आहे, काका," ती म्हणाली. पण मत घ्यायची वेळ आली तेव्हा आम्रपालीच्या बाजूने तिच्याशिवाय दुसरा हात वर झाला नाही. ज्यांनी नाकं मुरडली होती, त्यांना आता ती सरळ करायची लाज वाटत होती. माणसं चुकली की रागावतात, आणि राग चूक दाखवणाऱ्यावर काढतात. दत्तप्रसाद म्हणाले, "पोरी, तू चांगली आहेस. पण मला भांडणं नकोत."

महिनाअखेर आम्रपालीने गाळा सोडला. तिला मलाही न्यायचं होतं. पान्हा घेऊन ती स्टुलावर चढली होती, तेवढ्यात दत्तप्रसाद आले. "भिंतीत बसवलेलं भिंतीचं," ते म्हणाले. तिने माझं वाकलेलं पातं एकदा फडक्याने पुसलं आणि खाली उतरली. त्या वेळी माझी मोटार जळून गेली असती तर बरं वाटलं असतं. आता तिने हडपसरला दुकान टाकलं आहे म्हणतात. चैताली खराडीहून तिकडे रामेन खायला जाते. गेनबानेच एकदा कोणाला तरी सांगताना मी ऐकलं.

आमचा गाळा अनिरुद्धने घेतला. त्याची दुसरी भट्टी आता माझ्याच तोंडाशी आहे. तो मला कधी धूत नाही. पात्यांवर चरबीचा बोटभर थर आहे, मोटार दमली आहे आणि कोंबडीचा काळा धूर मी रात्रंदिवस बाहेर ओकतो आहे. खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून यज्ञेश्वरकाका पेपर वाचतात. रुमाल त्यांच्या खिशातच असतो.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शाळेच्या कँटीनमध्ये माझ्यासारखा पंखा असेल तर त्याची पाती वेळच्या वेळी पुसा, मोटारीला तेलाचा थेंब द्या. एवढं केलंत तर धूर, वाफ, करपलेला लसूण, काय वाटेल ते तो बिनबोभाट बाहेर टाकेल. पण त्या रविवारी काकांना जो वास आला, तो आमच्या शेगडीवर नव्हताच. तो बाहेर काढायला मला कुठल्या भिंतीत बसवाल?